इमूची ओळख : बंदुकीने आणि वहीने

इमू आपल्याकडे अनेकांनी पाहिला आहे, पण तो जाळीच्या कुंपणामागचा. महाराष्ट्र, आंध्र आणि तमिळनाडूत काही वर्षे इमूपालनाचे पेव फुटले होते. २०१२ च्या सुमारास ते ओसरले आणि पुष्कळ शेतकरी पोळले. माणसाएवढा उंच, तीस-चाळीस किलो वजनाचा आणि उडता न येणारा हा पक्षी आपण पाहिला खरा. पण मोकळ्या रानात तो कसा वागतो, हे कुंपणाआडून कळत नाही. ते कोणी आणि कसे जाणून घेतले, याचा इतिहास मुलांना सांगण्याजोगा आहे.

या पक्ष्याचे पहिले निरीक्षक म्हणजे ऑस्ट्रेलियाचे आदिवासी. त्यांच्या आकाशातही एक इमू आहे. आपण ताऱ्यांना रेघांनी जोडून आकृती कल्पितो. त्यांचा इमू मात्र आकाशगंगेतील काळ्या पट्ट्यांचा बनलेला आहे. त्रिशंकू तारकासमूहाजवळचा काळा डाग हे त्याचे डोके. मान मित्र आणि मित्रक या ताऱ्यांजवळून जाते आणि धड वृश्चिकाकडे पसरते. कामिलरॉय आणि युआलायी या लोकांत या इमूच्या स्थितीवरून ऋतू ओळखतात. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी तो धावताना दिसतो. तेव्हा जमिनीवरचे इमू जोडीदार शोधत असतात. जून-जुलैमध्ये तो बसलेला नर मानला जातो. त्या वेळी घरट्यांत अंडी असतात. बसणारा नर असतो, ही गोष्ट नीट लक्षात ठेवू. पुढे तिचे काम पडणार आहे.

१७८८ मध्ये इंग्रजांनी सिडनी येथे वसाहत केली आणि लवकरच इमूची वर्णने युरोपात छापली गेली. ती होती पिसांची, पायांची, चोचीची. मेलेल्या पक्ष्यावरून एवढेच कळू शकते. जिवंत पक्ष्याच्या सवयींविषयी पद्धतशीर विचारणा करणाऱ्यांपैकी अगदी सुरुवातीचा माणूस म्हणजे फ्रान्स्वा पेराँ हा तरुण फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ. बोदँ यांच्या सागरी मोहिमेबरोबर डिसेंबर १८०२ मध्ये तो किंग बेटावर उतरला. हे बेट ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया यांच्या मधल्या सामुद्रधुनीत आहे. तेथे मुख्य भूमीवरच्यापेक्षा लहान आणि गडद रंगाचे इमू राहत होते. पेराँला मुक्कामाला फार थोडा वेळ मिळाला. शिवाय इमूंचा विणीचा हंगाम हिवाळ्यात, म्हणजे तिकडच्या जुलैच्या सुमारास. तो तर केव्हाच संपला होता.

मग त्याने काय केले? बेटावर सील मारणाऱ्या शिकाऱ्यांची एक टोळी होती. त्यांच्यातील कूपर नावाच्या इंग्रज शिकाऱ्यासमोर पेराँने तेहतीस प्रश्नांची यादी ठेवली. घरटे कोठे करतात? अंडी किती? ती कोण उबवते? पक्षी काय खातो, कोणत्या वेळी चरतो? कूपरने उत्तरे दिली : घरटे पाण्याजवळ, झुडपाच्या सावलीत असते, अंडी सात ते नऊ असतात, ती मादी उबवते. कूपरची ही माहिती शिकारीतून आलेली होती. आपण स्वतः तीनशेच्या वर इमू मारले आहेत, असेही त्याने सांगितले.

या संख्येचा परिणाम लवकरच दिसला. शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढे न उडणाऱ्या पक्ष्याचा निभाव लागला नाही आणि काही वर्षांतच बेटावरचे इमू संपले. मोहिमेने या बेटांवरून नेलेल्या इमूंपैकी शेवटचे दोन १८२२ मध्ये पॅरिसच्या उद्यानात मेले. आता पाहा : मुख्य भूमीवर अंडी नर उबवतो. कूपर म्हणतो, मादी. दोघांचा पिसारा सारखाच असल्याने दूरून पाहणारा सहज फसतो. तो फसला होता, की बेटावरचे इमू खरोखरच वेगळे वागत होते? हे पडताळून पाहायला आज पक्षीच शिल्लक नाहीत. जतन केलेल्या अवशेषांतील डीएनएवरून २०११ मध्ये असे दिसले, की ते मुख्य भूमीवरच्या इमूचे अगदी जवळचे भाऊबंद होते. पण घरट्यावर कोण बसत होते, हे डीएनए सांगत नाही.

दुसरा प्रसंग १९३२ चा. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना पश्चिम ऑस्ट्रेलियात शेतजमिनी मिळाल्या होत्या. मंदीने गव्हाचा भाव कोसळला होता आणि त्यातच कॅम्पियन परिसरात सुमारे वीस हजार इमू उतरले. वीण आटोपल्यावर चारा-पाण्याच्या शोधात लांब भटकणे हा इमूचा नेहमीचा क्रम. माणसाने तेथे रान तोडून गहू पेरला होता आणि पाण्याची तळी बांधली होती. इमूच्या दृष्टीने ही मेजवानीच होती. उभे पीक तुडवले जाई आणि मोडलेल्या कुंपणांतून ससेही शिरत.

शेतकऱ्यांच्या मागणीवरून मेजर मेरेडिथ यांच्या हाताखाली दोन लुईस मशीनगन आणि दहा हजार काडतुसे आली. नोव्हेंबरात गोळीबार सुरू होताच इमू छोट्या छोट्या टोळ्यांत पांगले. ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास वेगाने धावणाऱ्या विखुरलेल्या पक्ष्यांवर नेम धरणे अवघड झाले. एका तळ्याजवळ हजारावर इमू टप्प्यात आले, तेव्हा बंदूकच अडकली. डिसेंबरात मोहीम थांबली. अहवालात ९,८६० गोळ्या आणि ९८६ मृत इमू अशी नोंद झाली. म्हणजे एका पक्ष्यामागे बरोबर दहा गोळ्या! आकडा इतका नेटका आला, की तो मोजलेला आहे का, असे वर्गातील एखादी मुलगी नक्की विचारील. तिला शाबासकी द्यावी.

या मोहिमेची पुष्कळ थट्टा झाली. पण शेतकऱ्यांचे नुकसान खरे होते आणि फसण्याचे कारणही साधे होते. इमू हा मेंढरांसारखा घट्ट कळप करून राहणारा प्राणी नाही. चारा-पाणी असेल तेथे ते जमतात आणि तेथून पांगतात. पक्षी येतो कोठून, केव्हा आणि कशासाठी, हे आधी पाहिले असते, तर बंदुकीऐवजी कुंपणाचा विचार आधी झाला असता. पुढे तेथे कुंपणावरच भर द्यावा लागला.

असा अभ्यास नंतर झाला. पश्चिम ऑस्ट्रेलियात स्टीफन डेव्हिस यांनी अनेक वर्षे इमूंचा माग घेतला. इमू पावसाच्या दिशेने सरकतात. बिया, फळे, फुले, कोवळे कोंब आणि कीटक असे सकस अन्न निवडून खातात आणि वाळलेले गवत पुढ्यात असूनही टाळतात, हे त्यातून कळले. अंडी दिल्यावर मादी निघून जाते. नर सुमारे आठ आठवडे घरट्यावर जवळजवळ उपाशी बसतो. पिल्ले निघाल्यावर कित्येक महिने तोच त्यांना सांभाळतो.

ऑस्ट्रेलियातील खेड्यातल्या एखाद्या घराच्या ओसरीवरूनही यातले बरेच दिसते. कोरड्या दिवसांत इमू शेततळ्यावर येतात. पट्टेरी पिल्लांबरोबर एकच मोठा पक्षी असला, तर तो बाप. ढोल घुमल्यासारखा आवाज येतो तो मादीचा. घुरघुर करतो तो नर. इमू चौकसही असतो. स्वस्थ बसलेल्या माणसाला न्याहाळायला तो जवळ येतो. यासाठी लागते ते एक वही, घड्याळ आणि न कंटाळता बसण्याची सवय.

आपल्या गावच्या तळ्यावर इमू नाही, पण कमळपक्षी असू शकतो. त्याच्यातही अंडी नरच उबवतो. पेराँसारखी प्रश्नांची यादी मुलांकडून करून घ्यावी. मात्र उत्तरे शिकाऱ्याला विचारायची वेळ येण्याआधी त्यांनी स्वतः पाहून लिहावीत आणि प्रत्येक नोंदीपुढे ‘पाहिले’ की ‘ऐकले’ हे मांडावे.