टँक, टाकं आणि तळं

परवा पुण्याहून नातवाचा फोन आला. इंग्रजी शाळेत सातवीला आहे. विचारतो कसा, "आबा, तुमच्या महाडला चवदार टँक आहे ना? तिथे रणगाडा ठेवलाय का?"

मी हसलो. पण फोन ठेवल्यावर वाटलं, पोराचं तरी काय चुकलं? शब्दच बहुरूपी! आमच्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर रसायनांचे टँकर धावतात. मे महिन्यात पोलादपूरकडच्या वाड्यांवर बायाबापड्या हंडे घेऊन पाण्याच्या टँकरची वाट बघतात. स्कूटरला पेट्रोलची टँक, घरामागे सेप्टिक टँक, आणि विद्वान जमले की थिंक टँक!

रणगाड्याची तर गंमतच आहे. १९१५ साली इंग्लंडात लिंकनच्या कारखान्यात तो गुपचूप तयार होत होता. बातमी फुटू नये म्हणून पाणी वाहून नेण्याच्या टाक्या बनताहेत असं सांगितलं गेलं. १५ सप्टेंबर १९१६ ला तो सोमच्या लढाईत उतरला, पण नाव टँकच राहिलं.

हा शब्द इंग्रजांनी बहुधा आपल्याकडूनच उचलला. रायगडावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत ना, तेच हे टाकं! पोर्तुगीज शब्दाचाही त्यात हात आहे म्हणतात. अभ्यासकांत एकमत नाही. आपण टाकं, हौद, तळं, तलाव असं वेगवेगळं म्हणतो. साहेबाने सगळ्यांना एकच नाव दिलं. म्हणून कोर्टाच्या कागदांत आपलं चवदार तळं 'टँक' झालं.

आणि कोर्टात ते नऊ वर्षांहून जास्त अडकलं होतं! १९२३ साली मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलं, ते कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तिथे गेले आणि पाणी प्याले. डिसेंबरात काही सवर्णांनी दावा लावला. तळं फक्त आम्हीच वापरायचं ही अनादि काळाची रूढी आहे, असं त्यांचं म्हणणं. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी रूढी सिद्ध झालेली नाही.

मंडळी, एक कबुली देतो. इतकी वर्षं मास्तरकी केली, पण वर्गात २० मार्चची तारीख सांगून मी पुढच्या धड्याकडे वळायचो. ओंजळभर पाण्यासाठी लढलेली ही पुढची दहा वर्षं कधी सांगितलीच नाहीत. शब्दार्थ मात्र फळाभर लिहून दिले!

असो. सुट्टीत नातू येणार आहे. त्याला तळ्यावर नेईन. रणगाडा नाही म्हणून हिरमुसेल बिचारा. पण लढाई इथेही झाली होती, हे काठावर बसून त्याला नीट सांगायचं ठरवलंय.