फिल्मचे तुकडे

परवा भाच्याने फोनवर एक फोटो पाठवला. जुन्या चित्रपटाच्या गाण्यांची पुस्तिका. "मामा, तुमच्या वेळची ना ही? चोर बाजारात मिळाली!" त्याने मोजलेली किंमत ऐकून मी गप्पच झालो. थिएटरच्या दाराशी ती आम्ही आण्या-दोन आण्याला घ्यायचो, आणि वर्ष संपले की जुन्या वह्यांबरोबर रद्दीत घालायचो.

पुस्तिकांचे एक वेळ सोडा. आपण तर चित्रपटच रद्दीत घातले. 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट, १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. आज त्याची एकही प्रत नाही. हजाराहून अधिक मूकपट या देशात बनले, उरले ते अगदी थोडे, आणि त्यांतलेही बरेचसे तुकड्यांत. जुनी नायट्रेटची फिल्म भयंकर ज्वालाग्राही, हे एक कारण. दुसरे कारण चांदी! कृष्णधवल फिल्मवरचे चित्र म्हणजे चांदीचेच कण. खेळ संपले, पेट्या अडगळ झाल्या, की रिळे धुऊन चांदी काढून घ्यायची. त्यात कुणाला गैर वाटत नसे. आपण नाही का जुन्या जरीच्या साड्या बोहारणीला दिल्या?

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लोकांसमोर आला. चार रिळांचा. त्यातली पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळे उरली, आणि तीही १९१३ची की फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाची, यावर जाणकारांत वाद आहे. एवढे तरी हाती लागले ते पी. के. नायर या माणसामुळे. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले. पुढच्याच वर्षी नायर तिथे आले आणि १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत रिळे गोळा करत राहिले. 'कालिया मर्दन' (१९१९) त्यांना फाळक्यांच्या घरच्यांकडून तुकड्यातुकड्यांनी मिळाला. फाळक्यांच्या टिपणांच्या आधाराने त्यांनी त्या तुकड्यांचा क्रम लावला. त्यातला कृष्ण म्हणजे फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी. आज आपल्याला ती पाण्यात उतरलेली दिसते, ती त्या तुकड्यांमुळे.

हे नायर लहानपणी काय करायचे, ठाऊक आहे? सिनेमाच्या तिकिटांची अर्धुके जमवायचे. हे मी वाचले आणि माझ्या पोटात कालवले.

त्याचे असे झाले. मी नुकताच शाळेत लागलो होतो, सत्तरच्या दशकातली गोष्ट. मुलांना तेव्हा फिल्मचे तुकडे जमवायचा भारी नाद. ऑपरेटरच्या खोलीबाहेर टाकलेले तुकडे उचलायचे, गोट्यांच्या बदल्यात अदलाबदल करायची. उडालेल्या बल्बमधली तार काढून त्यात पाणी भरले की झाले भिंग! आरशाने खोलीत उन्हाचा कवडसा पाडायचा आणि धोतरावर सिनेमा. एका फुटात सोळा चित्रे असतात, हे त्या पोरांना माझ्याआधी ठाऊक होते. सातवीतल्या एकाची पावडरचा डबा भरून फिल्म मी तासाला पकडली. डबा जप्त केला आणि मधल्या सुट्टीत चहाच्या शेगडीत ओतला. ती काही भडकन पेटली नाही. तोवर न पेटणारी सेफ्टी फिल्म आली होती. आकसत गेली, काळी पडली, घाण वास सुटला. शिपाई वैतागला. तुकडे कोणत्या चित्रपटाचे आहेत, हे मी उजेडाला धरून पाहिलेसुद्धा नाही.

दोन वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात तो भेटला. केस पांढरे झालेले. पाया पडला आणि हसत म्हणाला, "सर, माझा डबा अजून असेल का हो तुमच्याकडे?"

मी म्हणालो, "अरे, घर बदलताना हरवला बघ."

तो माझे लिखाण वाचतो असे त्याची बायको सांगत होती. म्हणून इथे लिहितो. बाबा रे, डबा हरवला नव्हता.