कर्जमाफीचा संगणक

मंडळी, चूक संगणकाची की माणसाची? २०१७ ची कर्जमाफी आठवा. जूनमध्ये ठरलं, २०१२ नंतरचं थकीत कर्ज माफ. जुलैत ते वर्ष २००९ झालं. जळगावचा केळीवाला काय, धुळ्याचा कापूसवाला काय, सगळ्यांना अर्ज ऑनलाइनच भरायचा होता. बँकांकडून ६६ रकान्यांत माहिती मागवली. ऑक्टोबरात दिसलं, अनेक खात्यांना एकच आधार क्रमांक! पैसे रखडले. २०१८ मध्ये निकष पुन्हा बदलला, २००१ पर्यंत मागे गेला.

पुढच्या योजनेत अर्जच काढून टाकला. फेब्रुवारी २०२० मध्ये आधी फक्त ६८ गावांची यादी लावली. शेतकऱ्याने रक्कम बघून अंगठा द्यायचा, मगच पैसे. माणूस चुकणारच हो. पण चूक पैसे सुटण्याआधी सापडायला हवी.