अंधाराचा राजपुत्र

दिव्याखालीं अंधार असतो, ही म्हण आपल्याकडे नित्याची आहे. परंतु दिवे करणाऱ्याच्याच नांवावर अंधाराची मालकी चढावी, असा योग इतिहासांत क्वचितच येतो. बर्मिंगहॅम येथील जोसेफ ल्युकस ह्याच्या वांट्याला तो आला. त्याच्या कारखान्यानें पहिली कीर्ति मिळविली ती ‘किंग ऑफ दि रोड’, म्हणजे ‘रस्त्याचा राजा’, ह्या नांवाच्या दिव्यावर. आणि जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स गाड्यांचे शौकीन आज त्याच माणसाला ‘प्रिन्स ऑफ डार्कनेस’ म्हणून हंसतात. ‘अंधाराचा राजपुत्र’ ही इंग्रजी भाषेंत सैतानाची जुनी पदवी आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या विनोदाची धार कळते. रस्त्याचा राजा अंधाराचा राजपुत्र कसा झाला, आणि ही पदावनति न्याय्य होती काय, ह्याचा विचार येथें करावयाचा आहे. वरवर पाहतां विषय क्षुल्लक भासेल; पण एखाद्याचें नांव कसें बुडतें आणि त्या बुडण्यांत दोष कोणाकोणाचा असतो, हा प्रश्न क्षुल्लक नाहीं.

ल्युकसचा जन्म १८३४ सालचा. १८६० च्या सुमारास, डोक्यावर संसाराचा भार आणि हाताला काम नाहीं अशा स्थितींत, त्यानें बर्मिंगहॅमच्या हॉक्ली भागांत हातगाडीवरून घासलेट विकण्यास आरंभ केला. घासलेटावरून तो दिव्यांकडे वळला. पुढें उंच चाकांच्या सायकलींची लाट आली, तेव्हां त्या चाकाच्या तुंब्याला टांगण्याचा दिवा त्यानें बाजारांत आणला. तोच हा ‘रस्त्याचा राजा’. १८९७ सालीं त्याच्या धंद्याची सार्वजनिक भागभांडवलाची कंपनी झाली, आणि १९०२ सालीं संस्थापक इटलींत नेपल्स येथें वारला. येथेंच एक गोष्ट नोंदून ठेवली पाहिजे. ज्या गाड्यांतील बिघाडावरून ह्या गृहस्थाची थट्टा होते, त्यांपैकीं एकहि त्यानें डोळ्यांनीं पाहिलेली नव्हती.

मोटारीची वीज हा कंपनीचा मोठा व्यवसाय झाला तो पहिल्या महायुद्धामुळें. इंजिनांत ठिणगी पाडणारा मॅग्नेटो ब्रिटन तोंवर बव्हंशीं जर्मनींतील बॉश कंपनीकडून घेत असे. १९१४ सालीं युद्ध पेटतांच ती वाट बंद झाली, आणि त्याच वर्षीं ल्युकस कंपनीनें थॉमसन-बेनेट ही मॅग्नेटो करणारी कंपनी विकत घेतली. १९२६ च्या सुमारास रोटॅक्स आणि सी. ए. व्ही. हे प्रतिस्पर्धीहि तिच्या पदरांत आले. परिणाम असा झाला कीं, कारखाना कोणताहि असो, ब्रिटिश मोटारीचा डायनामो, दिवे, स्विच आणि भोंगा बहुधा एकाच घरचे असत. ही स्थिति इतकी ठळक होती कीं, १९६३ सालीं तेथील मक्तेदारी आयोगानें मोटारींच्या विद्युत्-सामग्रीच्या पुरवठ्यावर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. सर्व घरांत एकाच सुताराचीं दारें असलीं, म्हणजे गांवांतील प्रत्येक करकर त्याच सुताराच्या नांवावर जमा होते. तद्वत् येथें झालें.

आतां त्या गाड्यांकडे वळूं. ॲबिंग्डन येथील एम. जी. कारखान्यानें १९४५ ते १९४९ पर्यंत ‘टी. सी.’ ह्या नांवाच्या सुमारें १०,००० गाड्या केल्या. युद्धासाठीं ब्रिटनमध्यें राहिलेल्या अमेरिकन सैनिकांना ह्या गाड्यांची गोडी लागली, आणि अमेरिकेंत त्यांना मोठें गिऱ्हाईक मिळालें. पुढें १९५५ पासून १९६२ पर्यंत ‘एम. जी. ए.’ ही गाडी निघाली. तिची संख्या १,०१,०८१ भरली, आणि त्यांपैकीं ६,००० हूनहि कमी स्वदेशांत खपल्या. म्हणजे गाडी जन्मास घालणारा एका खंडांत, आणि दुरुस्त करणारा दुसऱ्या खंडांत! ह्या अंतराचें महत्त्व पुढें दिसून येईल.

मोटारीच्या वीजव्यवस्थेचें मूलतत्त्व समजणें कठीण नाहीं. घरांतल्या दिव्याला दोन तारा लागतात; मोटारींत बहुधा एकच तार दिव्यापर्यंत जाते, आणि परतीचें काम गाडीचा लोखंडी सांगाडा करतो. म्हणजे अर्धी वाट तारेची आणि अर्धी पत्र्याची. तार दिसते, म्हणून तिची चौकशी होते. पत्रा तारेचें काम करीत आहे हें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. पावसांतून हिंडणाऱ्या उघड्या गाडींत दिव्याच्या बुडाशीं असलेला स्क्रू गंजतो, आणि परतीची वाट अरुंद होते. हा अडथळा अवघा एक दशांश ओहम असला आणि त्यांतून ४५-४५ वॅटच्या दोन दिव्यांचा साडेसात अँपिअर प्रवाह जात असला, तर बारा व्होल्टांपैकीं पाऊण व्होल्ट वाटेंतच खर्ची पडतो. पाऊण व्होल्ट म्हणजे काय मोठें, असें कोणी म्हणेल. पण दिव्यांतील तंतूचा उजेड दाबाच्या मानानें फार वेगानें घटतो, आणि ह्या पाऊण व्होल्टापायीं सुमारें पांचवा हिस्सा प्रकाश नाहींसा होतो. असे तीन-चार सांधे गंजले, म्हणजे अंधाराच्या राजपुत्राचें राज्य सुरू झालेंच.

परतीची वाट अजिबात तुटली, तर याहून चमत्कारिक गोष्टी घडतात. प्रवाह दुसऱ्या दिव्याच्या तंतूंतून वाट काढतो. मग ब्रेक दाबला असतां वळण दाखविणारा दिवा मिणमिणतो. इंजिन रबरी गाद्यांवर बसविलेलें असल्यामुळें त्याला सांगाड्याशीं जोडणारी एक विणलेली पट्टी असते. दुरुस्तीच्या वेळीं ती परत लावण्यास कोणी विसरला, तर स्टार्टरचा प्रचंड प्रवाह चोकच्या बारीक तारेंतून परतूं पाहतो, आणि ती तार चटका बसण्याइतकी तापते. मालक म्हणतो, गाडीला भूतबाधा झाली. वस्तुतः वीज अत्यंत आज्ञाधारक आहे. आपण जी वाट ठेवली तिनेंच ती जाते.

म्हणून दुरुस्तीचा जाणता कारागीर नवा डायनामो मागविण्यापूर्वीं मोजमाप घेतो. डोनाल्ड मॅकॅडी ह्या ब्रिटिश डाकखात्यांतील अभियंत्यानें अँपिअर, व्होल्ट आणि ओहम हे तिन्ही मोजणारें एकच यंत्र योजिलें, आणि १९२३ पासून तें ‘ॲव्होमीटर’ ह्या नांवानें विकलें जाऊं लागलें. असलें यंत्र घेऊन दिवा पेटता ठेवावा, एक टोंक दिव्याच्या धातूच्या अंगाला व दुसरें बॅटरीच्या सांगाड्याकडील खुंटीला लावावें. कांटा जवळजवळ शून्यावर राहिला तर परतीची वाट निर्दोष. अर्धा व्होल्ट दिसला तर वाटेंतील प्रत्येक सांधा क्रमाक्रमानें तपासावा. दोष सांपडला कीं धातु कानशीनें चकचकीत करून, स्क्रू घट्ट आवळून, वर व्हॅसलीनचा हात फिरवावा. दहा वेळां नऊ वेळां एवढ्यानें भागतें.

जाणाऱ्या वाटेचा शोध रंगांवरून लागतो. ह्या गाड्यांत तपकिरी तार म्हणजे किल्ली बंद असतांहि जिवंत असणारी. पांढरी म्हणजे किल्ली फिरविल्यावर जिवंत होणारी. हिरवी म्हणजे तीच, पण फ्यूजमधून आलेली. निळी मोठ्या दिव्यांची, तांबडी लहान दिव्यांची, आणि काळी परतीची. ही लिपि एकदां अवगत झाली, म्हणजे तारांचें जंजाळ बखरीसारखें वाचतां येतें. मात्र बखरीप्रमाणेंच त्यांतहि प्रक्षेप असतात! चाळीस-पन्नास वर्षांत गाडीला जितके धनी झाले, तितक्यांनीं आपापल्या परी तिच्यांत भर घातलेली असते. कोणी रेडिओसाठीं भलत्याच रंगाची तार जोडतो, कोणी तुटलेला सांधा नुसता पिळून वर चिकटपट्टी गुंडाळतो. मूळ संहिता कोणती आणि मागाहून घुसडलेलें कोणतें, हें ओळखणें हेंच ह्या विद्येंतलें अर्धें कौशल्य होय.

भलत्या दुरुस्तीचें एक उदाहरण देतों. ब्रिटिश फ्यूजवर ३५ अँपिअर असा आंकडा असे. तो फ्यूज वितळण्याचा आंकडा होता. सतत वाहूं द्यावयाचा प्रवाह १७ अँपिअर. अमेरिकन फ्यूजवरील आंकडा मात्र सतत पेलण्याच्या प्रवाहाचा असतो. तेव्हां अमेरिकेंतील मालकानें आंकड्यास आंकडा जुळवून फ्यूज बसविला, कीं रक्षक दुप्पट सहनशील झाला, आणि फ्यूजच्या आधीं तारच जळूं लागली. निंदा मात्र बर्मिंगहॅमची झाली.

तीच कथा उलट्या ध्रुवाची. १९३५ नंतरच्या कांहीं वर्षांत बहुतेक ब्रिटिश कारखान्यांनीं बॅटरीचें धन टोंक सांगाड्याला जोडण्याची चाल धरली. ठिणगी सुलभ पडते आणि गंज कमी चढतो, अशीं त्याचीं कारणें दिलीं जात. पुढें डायोड बसविलेले आल्टर्नेटर आणि ट्रान्झिस्टरचे रेडिओ आले, बाहेरच्या जगांत ऋण टोंक सांगाड्याला जोडण्याची रीत पडली होती, तेव्हां एम. जी. बी. गाडीनेंहि १९६७ सालीं हा ध्रुव बदलला. जुन्या गाडींत नवें उपकरण आंधळेपणानें बसविणाऱ्याच्या हातून तें क्षणांत जळून जातें. ध्रुव बदलावयाचाच असेल तर बॅटरी फिरवून भागत नाहीं. डायनामोच्या क्षेत्र-वेटोळ्याला क्षणभर बॅटरीचा स्पर्श देऊन त्याचें चुंबकत्व उलटवावें लागतें, आणि ठिणगीच्या कॉइलच्या तारांची अदलाबदल करावी लागते.

मग ल्युकस सर्वस्वीं निर्दोष होता काय? चोर सोडून संन्याशाला फांशी, असें म्हणण्याचा मोह होतो. पण हा संन्यासीहि अगदीं धुतल्या तांदळासारखा नव्हता. एम. जी. ए. च्या सर्व यंत्रणेला फ्यूज दोनच होते, आणि मोठ्या दिव्यांना तर एकहि नव्हता. त्या दिव्यांचा सगळा प्रवाह चालकासमोरील लहानशा स्विचमधून जाई. दिवे खालीं वळविण्याचें बटण पायाशीं, ओल्या बुटांखालीं. सहा-सहा व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या आसनांच्या मागें, फळीखालीं दडविलेल्या. त्यामुळें त्यांत पाणी घालण्याचा कंटाळा करणें हा मनुष्यस्वभावच ठरला. ह्यांतील कांहीं निवड गाडी रचणाऱ्यांची, कांहीं सामान पुरविणाऱ्याची; पण दोघांच्याहि मानेवर स्वस्ताईचें एकच जूं होतें.

उलट बाजूचा पुरावाहि पाहिला पाहिजे. ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत १९५१, १९५३, १९५५, १९५६ आणि १९५७ अशीं पांच वर्षें जॅग्वार गाड्या जिंकल्या. सबंध रात्र भरधांव धांवणाऱ्या त्या गाड्यांची विद्युत्-सामग्री ल्युकसचीच होती. फरक इतकाच कीं, तेथें प्रत्येक सांधा शर्यतीपूर्वीं कोणीतरी हातानें तपासलेला असे. म्हणजे त्या घराला चांगलें करतां येत नव्हतें असें नाहीं. काळजी आणि पैसा मिळाला तर त्याचे दिवे रात्रभर जळत. सामान्य गाडीच्या वांट्याला त्या दोहोंपैकीं थोडें थोडेंच आलें.

ॲबिंग्डनचा कारखाना १९८० सालीं बंद पडला. ल्युकस कंपनी १९९६ मध्यें एका अमेरिकन कंपनींत मिसळली, आणि तिचें स्वतंत्र अस्तित्व संपलें. चेन्नईला १९६१ सालीं निघालेल्या ल्युकस-टी. व्ही. एस. कंपनीमुळें आपल्या देशांत तें नांव मात्र परिचयाचें राहिलें. थट्टा अजून टिकून आहे, कारण थट्टेला गंज चढत नाहीं. तरी ज्यानें एकदां मिणमिणत्या दिव्यामागचा गंजका स्क्रू काढून घासला, आणि भिंतीवरचा पिंवळट डाग एकाएकीं पांढरा झालेला पाहिला, त्याला ती थट्टा पूर्वींसारखी करवत नाहीं. हातगाडीवर घासलेट विकणाऱ्या त्या माणसाचें नांव अंधारांत गेलें तें मुख्यत्वें परतीच्या वाटेची कोणी विचारपूस केली नाहीं म्हणून.