पन्हाळगडाचा खचलेला रस्ता आणि हवामान न्यायाचा विचार

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरवर पन्हाळगड उभा आहे. पंडित कवी मोरोपंतांचे हे जन्मस्थान. युनेस्कोने २०२५ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता दिलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमध्येही त्याचा समावेश आहे. जुलै २०२१ मध्ये मुसळधार पावसाने गडावर जाणारा मुख्य रस्ता खचला आणि वाहनांची ये-जा बंद पडली. त्याच दिवसांत खाली कोल्हापुरात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ५६ फुटांची पातळी ओलांडली. तेथे धोक्याची पातळी ४३ फूट मानली जाते. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, ऑगस्ट २०१९ मध्ये, पाणी ५५ फुटांवर गेले होते. २००५ चा महापूर तर अनेकांच्या स्मरणात आहेच.

गडावर राहणाऱ्या माणसाला मोठा दवाखाना, महाविद्यालय आणि बाजार यांसाठी खाली उतरावेच लागते. पर्यटकांवर ज्यांची चूल पेटते त्यांचे तर सारे जीवन त्या एका रस्त्याला बांधलेले आहे. रस्ता खचला तेव्हा साहजिकच प्रश्न आला: हे कोणामुळे झाले आणि भरपाई कोणी करायची? प्रश्नाचा पूर्वार्ध हवामानशास्त्राचा आहे, उत्तरार्ध नीतिशास्त्राचा. या दोहोंना जोडणाऱ्या विचाराला ‘हवामान न्याय’ म्हणतात. गेल्या तीन-चार दशकांत तत्त्वज्ञांनी या विषयावर बरेच संशोधन केले आहे. त्याची ओळख आपल्या वाचकांना करून द्यावी, हा या लेखाचा हेतू.

हवामान या शब्दाचे दोन अर्थ

मराठीत ‘हवामान’ हा एकच शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. आजचे ऊन, उद्याचा पाऊस हेही हवामान आणि एखाद्या प्रदेशाची दीर्घकाळची सरासरी स्थिती हेही हवामान. शास्त्रज्ञ दुसऱ्या अर्थासाठी साधारणपणे ३० वर्षांच्या नोंदी पाहतात. एखाद्या दिवशी थंडी वाजली म्हणून तापमानवाढ खोटी ठरत नाही. तसेच एका महापुराने ती सिद्धही होत नाही. चावडीवरचे बरेच वाद हा भेद न पाळल्यामुळे होतात.

विज्ञान काय सांगते

हा शोध अलीकडचा नाही. वातावरण पृथ्वीची उष्णता धरून ठेवते, हा विचार फ्रेंच गणिती जोसेफ फूरिए यांनी १८२४ मध्ये मांडला. अमेरिकेतील युनिस फूट यांनी १८५६ मध्ये कार्बन डायऑक्साइड सूर्यप्रकाशात अधिक तापतो हे प्रयोगाने दाखविले. पाठोपाठ जॉन टिंडल यांनी वायूंच्या उष्णता शोषण्याचे मोजमाप केले. स्वीडनचे स्वान्टे अर्‍हेनियस यांनी १८९६ मध्ये, हा वायू दुप्पट झाल्यास तापमान किती वाढेल, याचे गणित मांडले. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत.

पावसाशी याचा संबंध सरळ आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. मग पाऊस पडायला लागला की तो धो धो पडतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. या पावसाला लागणारे बाष्प मुख्यतः अरबी समुद्रावरून येते. पृथ्वी तापण्यास मानवी व्यवहार कारणीभूत आहेत यात शंका उरलेली नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या आंतरशासकीय हवामान मंडळाने २०२१ मध्ये स्पष्ट केले.

हे ज्ञान कशावर उभे आहे

येथे तत्त्वज्ञ पहिला प्रश्न विचारतो: हे आपल्याला कळते तरी कसे? पृथ्वी एकच आहे. प्रयोगासाठी दुसरी मिळत नाही. म्हणून शास्त्रज्ञ संगणकावर पृथ्वीची गणिती प्रतिमाने तयार करतात. या कार्याचे आद्य शिल्पकार स्युकुरो मानाबे आणि क्लाउस हासेलमान यांना २०२१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. प्रतिमान म्हणजे हुबेहूब पृथ्वी नव्हे. नकाशात गावातली प्रत्येक विहीर दिसत नाही, तरी वाटसरूला वाट सापडते. प्रतिमान खरे की खोटे, यापेक्षा ते कोणत्या कामासाठी विश्वसनीय आहे हे विचारावे, असे विज्ञानाचे तत्त्वज्ञ सांगतात.

अतिवृष्टी किंवा उष्णतेची लाट यांसारख्या एखाद्या विशिष्ट घटनेबाबत दोन जगांची तुलना केली जाते: एक आजचे तापलेले आणि दुसरे, माणसाने हे वायू सोडलेच नसते तर असते ते. २००३ साली युरोपात आलेल्या उष्णतेच्या लाटेचा असा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मानवी हस्तक्षेपामुळे तशा लाटेची जोखीम किमान दुप्पट झाली असणे अत्यंत संभवनीय आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. डॉक्टरांचे उदाहरण घ्यावे. तंबाखू खाणाऱ्याला कर्करोग झाला, तर तो केवळ तंबाखूमुळेच झाला असे शपथेवर सांगता येत नाही; तरी तंबाखूने धोका वाढतो याविषयी कोणताही डॉक्टर साशंक नसतो.

डोंगरउतारावरील खचणाऱ्या रस्त्यांना हेच तत्त्व लागू पडते. प्रचंड पावसाची शक्यता वाढली, हे एक कारण. उतार कसा कापला, पाण्याला वाट ठेवली की नाही, संरक्षक भिंत किती भक्कम होती, वर बांधकामे किती झाली, ही दुसरी कारणे. कोल्हापूरच्या महापुराबाबतही धरणांतील विसर्ग, नदीपात्रालगतची बांधकामे आणि खालच्या अंगाच्या अलमट्टी धरणाचा फुगवटा यांवर आजही वाद झडतात. कारणे अनेक असली म्हणून जबाबदारी विरघळून जात नाही. प्रत्येक कारणामागे कोणीतरी उत्तरदायी असतो. तापमानवाढीकडे बोट दाखवून स्थानिक कारभारी सुटू शकत नाही आणि गटार तुंबले होते असे सांगून जगातील श्रीमंत राष्ट्रेही सुटू शकत नाहीत.

भार कोणी उचलावा

याविषयी तत्त्वज्ञ तीन सूत्रांची चर्चा करतात. पहिले, ज्याने घाण केली त्याने ती काढावी. दुसरे, ज्याला त्या व्यवहारातून लाभ झाला त्याने भार उचलावा. कारण जुन्या काळी धूर सोडणारे आज हयात नाहीत, पण त्यांची संपत्ती वारसांकडे आली आहे. तिसरे, ज्याची ऐपत अधिक त्याने अधिक द्यावे. प्रत्येक सूत्र एकटे अपुरे पडते, म्हणून बहुतेक अभ्यासक त्यांची सांगड घालतात. १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारात ‘सामाईक परंतु भिन्न जबाबदारी’ हे तत्त्व आले, ते याच विचारातून.

आकडे बोलके आहेत. खनिज इंधनातून आजवर जगाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. भारताचा वाटा तीन-चार टक्क्यांच्या आसपास. मात्र आज वार्षिक उत्सर्जनात भारताचा जगात तिसरा क्रमांक लागतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

या चर्चेत भारतीय विचाराचा वाटा मोठा आहे. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राचे अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये एक पुस्तिका लिहिली. गरीब शेतकऱ्याच्या भातखाचरातून निघणारा मिथेन आणि श्रीमंत देशांतील मोटारींचा धूर एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे, असा तिचा युक्तिवाद होता. १९९३ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ हेन्री शू यांनी ‘निर्वाहासाठीचे’ आणि ‘चैनीसाठीचे’ उत्सर्जन असा भेद मांडला. पन्हाळा तालुक्याच्या पश्चिम भागात भात लावणाऱ्यास हा भेद समजावून सांगावा लागत नाही.

आपल्या घरातील अन्याय

परंतु न्याय केवळ राष्ट्राराष्ट्रांमधला नसतो. गरीब देशातही श्रीमंत माणसे असतात. पुरानंतर पिकाचे पंचनामे होतात, ते सातबाऱ्याच्या आधारे. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्या शेतमजुराचे पीक बुडत नाही. त्याची मजुरी बुडते आणि तिचा पंचनामा होत नाही. ऊस कुजला तर शेतकऱ्याचे नुकसान कागदावर येते. त्या उसात भांगलण करणाऱ्या बाईचे दिवस कोणत्याही कागदावर येत नाहीत. शेतकऱ्याचे दुःख यामुळे कमी ठरत नाही, पण मोजमापाची पद्धत कोणाला वगळते हे पाहणे न्यायाचा भाग आहे. ज्यांना झळ बसते त्यांना निर्णयात आवाज असावा, यास ‘प्रक्रियात्मक न्याय’ म्हणतात. ग्रामसभा ही त्याची आपली जागा.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी, माळढोक पक्ष्याच्या रक्षणासंबंधीच्या खटल्यात, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या १४ व २१ या अनुच्छेदांतून निघतो असे म्हटले. या विचाराला आता कायद्याचेही बळ मिळाले आहे.

जे अजून जन्मले नाहीत

सर्वांत अवघड प्रश्न पुढील पिढ्यांचा आहे. अर्थशास्त्रात भविष्यातील नुकसानीची आजची किंमत काढताना दरवर्षी काही टक्के वजावट करतात. दर ५ टक्के धरला, तर शंभर वर्षांनंतरच्या शंभर रुपयांच्या हानीची आजची किंमत एक रुपयाहूनही कमी ठरते. १ टक्का धरला तर सुमारे ३७ रुपये. दर किती धरावा हे केवळ गणित नव्हे. आपल्या पणतवंडांचे अश्रू आपण किती मोलाचे मानतो, याचा तो निवाडा आहे.

अमेरिकेत अध्यापन करणारे तत्त्वज्ञ स्टीफन गार्डिनर यांनी २००६ मध्ये यातील नैतिक धोका दाखविला. लाभ आजच्या पिढीला, हानी उद्याच्या पिढीला आणि उद्याची पिढी तक्रार करायला हजर नाही. अशा वेळी आपण स्वतःचीच फसवणूक करून सोयीची कारणे शोधतो. पन्हाळगडावर अंबारखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही प्रचंड कोठारे आजही उभी आहेत. वेढा केव्हा पडेल, आत कोण असेल, हे ती बांधणाऱ्यांना ठाऊक नव्हते. तरी धान्य साठविण्याची सोय त्यांनी केली. पुढच्यांची नावे माहीत नसतानाही त्यांच्याविषयी कर्तव्य असू शकते, हे ती कोठारे सांगतात.

ख्रिस्तसभेचा विचार

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० च्या जागतिक शांतिदिनाच्या संदेशात पर्यावरणाचा प्रश्न नैतिक असल्याचे सांगितले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात उत्तरेकडील देशांवर दक्षिणेचे ‘पर्यावरणीय ऋण’ असल्याचे आणि पुढील पिढ्यांविषयीची आस्था हा दयेचा नव्हे, न्यायाचा विषय असल्याचे प्रतिपादन केले. २०२३ च्या ‘लाउदाते देउम’मध्ये त्यांनी जगाच्या दिरंगाईवर कठोर शब्दांत बोट ठेवले. धर्माबाहेरील तत्त्वज्ञ वेगळ्या वाटेने ज्या निष्कर्षांपाशी आले, त्यांच्याशी हा विचार जुळतो.

आज आपण कोठे आहोत

२०१५ च्या पॅरिस करारात तापमानवाढ २ अंशांच्या बरीच खाली राखण्याचे आणि १.५ अंशासाठी प्रयत्न करण्याचे ठरले. हानी झालेल्या देशांसाठी निधी उभारण्याचा निर्णय २०२२ मध्ये शर्म अल शेख येथे झाला आणि २०२३ मध्ये दुबईत तो कार्यान्वित करण्यात आला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी दिलेल्या सल्लागार मतात, हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य असल्याचे सांगितले.

एवढ्या मोठ्या व्यासपीठांवरचा निर्णय वाडीवस्तीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. तोवर आपल्या हाती एक साधे काम आहे. पुढच्या पुरात किंवा दरड कोसळल्यावर आपल्या धर्मग्रामातील आणि शेजारच्या वस्तीतील, सातबारा नसलेल्या घरांच्या बुडालेल्या मजुरीची आपण वहीत नोंद करावी आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. ज्या नुकसानीची नोंद नाही, तिची भरपाई कोणी मागूही शकत नाही.