आयएनएस मुंबई : एका विनाशिकेची पंचवीस वर्षं

परभणीहून समुद्र गाठायचा तर रात्रीची देवगिरी धरायची आणि सकाळी मुंबईत उतरायचं. तिथे हार्बर लाइनवरच्या डॉकयार्ड रोड स्टेशनाजवळ माझगाव डॉक आहे. १७७४ साली एका लहानशा सुक्या गोदीपासून सुरू झालेला हा कारखाना १९६० मध्ये सरकारने ताब्यात घेतला. आपल्या देशात बांधलेल्या आजवरच्या सगळ्या विनाशिका याच गोदीतून पाण्यात उतरल्या. दिल्ली, म्हैसूर, मुंबई. मग कोलकाता, कोची, चेन्नई. आणि अलीकडच्या विशाखापट्टणम, मुरगाव, इंफाळ, सुरत. दहा जहाजं, पत्ता एकच. त्यांतलं तिसरं जहाज म्हणजे आयएनएस मुंबई. २२ जानेवारी २००१ ला ती नौदलात दाखल झाली आणि तिने आता पंचविशी गाठली आहे.

जिंतूर-सेलूच्या वाचकाला याच्याशी काय देणंघेणं, असं कुणी म्हणेल. पण मुंबईच्या घराण्याचं मूळ आपल्या नदीच्या नावापाशी जातं. गंगाखेडच्या घाटावर गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. माझगाव डॉकने ऐंशीच्या दशकात ज्या तीन फ्रिगेट बांधल्या, त्यांतल्या पहिल्या दोघींची नावं गोदावरी आणि गंगाच होती. (दुसरीचं नाव उत्तरेतल्या गंगेवरून आहे हे खरं, पण गंगाखेडकरांनी हक्क सांगितला तर कोण अडवणार?) आयएनएस गोदावरी १० डिसेंबर १९८३ ला सेवेत आली. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमधलं सरकार उलथवायला आलेले भाडोत्री बंडखोर ओलीस घेऊन एका मालवाहू जहाजातून पळाले, तेव्हा त्यांना भर समुद्रात गाठणाऱ्या जहाजांत ती होती. २३ डिसेंबर २०१५ ला ती निवृत्त झाली. तिची रचना करताना नौदलाच्या आरेखन विभागाच्या हाती जे आलं, त्याच्या जोरावर पुढची, मोठी जहाजं कागदावर उतरली. त्या योजनेचं नाव प्रोजेक्ट १५.

त्याआधी विनाशिका म्हणजे दुसऱ्याकडून घेतलेलं जहाज. १९४९ मध्ये ब्रिटिशांच्या वापरलेल्या तीन विनाशिका आल्या आणि त्यांना राजपूत, रणजीत, राणा अशी नावं मिळाली. त्यांतली राजपूत १९७१ पर्यंत म्हातारी झाली होती, पण त्या वर्षी डिसेंबरमध्ये विशाखापट्टणमजवळ पाकिस्तानची गाझी पाणबुडी बुडाली, त्याचं श्रेय नौदल तिलाच देतं. १९८० पासून सोव्हिएत बनावटीच्या पाच विनाशिका आल्या, त्यांतल्या पहिलीचं नाव पुन्हा राजपूतच ठेवलं. ती ४१ वर्षं राबली आणि २१ मे २०२१ ला निवृत्त झाली.

प्रोजेक्ट १५ मधली घरची पहिली विनाशिका बांधायला घेतली ती मात्र अवघड काळात. आयएनएस दिल्लीचा कणा १९८७ मध्ये बसवला आणि ती नौदलात आली १९९७ मध्ये. मधल्या काळात सोव्हिएत संघच राहिला नाही. क्षेपणास्त्रं तिकडची, तोफा तिकडच्या, गॅस टर्बाइनं युक्रेनची. ज्या देशाशी करार केला तो फुटून त्याचे अनेक देश झालेले. मुंबईचा कणा १४ डिसेंबर १९९२ ला बसवला. बाबरी मशीद पाडल्यानंतरच्या दंगलीने शहर होरपळत होतं ते हेच दिवस. २० मार्च १९९५ ला तिचं जलावतरण झालं. पण जलावतरण झालं म्हणजे जहाज झालं असं नव्हे. तरंगतो तो नुसता सांगाडा. यंत्रं बसवायची, मैलोगणती केबल ओढायची, रडार लावायची, मग चाचण्या, दुरुस्त्या आणि परत चाचण्या. यात पावणेसहा वर्षं गेली. तेवढ्यात इकडे आपल्या जिल्ह्यातून हिंगोली वेगळा होऊनही गेला होता.

जी तयार झाली ती १६३ मीटर लांब, साडेसहा हजार टनांच्या घरातली नौका. वेग तासाला पन्नास किलोमीटरच्या वर. जहाजांवर मारा करणारी १६ उरान क्षेपणास्त्रं, विमानांसाठी श्तिल क्षेपणास्त्रं, पुढच्या डेकवर १०० मिलिमीटरची तोफ, पाणबुड्यांसाठी टॉर्पेडो आणि रॉकेटं, मागच्या डेकवर दोन सी किंग हेलिकॉप्टरांची सोय. हे सगळं चालवायला साडेतीनशेच्या आसपास माणसं. जहाजांची पुस्तकं क्षेपणास्त्रांवर पानंच्या पानं भरतात आणि माणसांना एका ओळीत उरकतात. मला ते उलटं वाटतं. क्षेपणास्त्र डागायची वेळ वर्षानुवर्षं येत नाही. माणसांना मात्र रोज तिथे राहायचं असतं.

जहाजावरचा दिवस उगवत्या-मावळत्या सूर्यावर चालत नाही, वॉचवर चालतो. वॉच म्हणजे पाळी, बहुतेक चार तासांची. दुपारी चार ते रात्री आठ एवढ्या वेळाचे मात्र दोन-दोन तासांचे दोन तुकडे करतात, त्यांना डॉग वॉच म्हणतात. त्यामुळे दिवसाच्या पाळ्या सहाऐवजी सात होतात आणि चक्र रोज एकेक घर पुढे सरकतं. तसं केलं नसतं तर रात्री बारा ते चारचा मिडल वॉच कायम त्याच माणसाच्या वाट्याला आला असता. रात्रीच्या लाइटीला मोटार चालू करायला उठणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात जे पोरगं वाढलं, त्याला हा वॉच समजावून सांगावा लागत नाही. फरक इतकाच की इथे वॉच संपवून झोपलेल्याला सकाळी जहाजाच्या कामावरही हजर व्हायचं असतं.

झोपायला बंक, एकावर एक तीन. सामानाला एक लोखंडी लॉकर. पोर्टहोल म्हणजे खिडकी सिनेमात असते. मेसडेकवर, म्हणजे खलाशांच्या राहत्या जागेत, असणाऱ्याला दिवस आहे की रात्र हे घड्याळावरूनच कळतं. रात्री समुद्रात जहाजाबाहेर उजेड जाऊ द्यायचा नसतो, जहाज जिथून हाकतात त्या ब्रिजवर डोळे अंधाराला सरावलेले ठेवायचे असतात. गोडं पाणी जहाज स्वतःच समुद्राच्या पाण्यापासून तयार करतं, पण ते यंत्रांनाही लागतं आणि माणसांनाही. यंत्र कुरकुरलं की आधी माणसांच्या अंघोळीवर गदा येते.

सगळ्यांत जास्त वेळ जातो तो गंजाशी भांडण्यात. खारी हवा लोखंडाला सोडत नाही. गंज ठोकून काढायचा, खरवडायचा, लाल प्रायमर लावायचा, वर करडा रंग द्यायचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा गंजायला लागलेलं असतं. शौर्याच्या कल्पना घेऊन आलेल्या नव्या खलाशाच्या हातात पहिल्या महिन्यात येतात ते हातोडी आणि ब्रश.

जेवणाचा विषय नौदलात कधीच किरकोळ मानत नाहीत. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईच्या ‘तलवार’ या किनाऱ्यावरच्या नौदल तळावर खलाशांनी जे बंड केलं, त्याची पहिली ठिणगी निकृष्ट जेवणातून पडली. आज गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, साडेतीनशे माणसांचं चार वेळचं रांधायचं असतं. त्यात जहाज डोलत असेल तर डाळीचं पातेलं काठोकाठ भरायची सोय नाही. पोळी, पुरी, भात, डाळ, भाजी, अंडी, चिकन. केरळचा, पंजाबचा, बिहारचा आणि मराठवाड्याचा खलाशी एकाच रांगेत उभा. ज्वारीच्या भाकरीची आशा कुणी धरू नये. एवढ्या माणसांसाठी भाकऱ्या थापत बसायला कुणाकडे वेळ आहे?

आणि सराव. आग लागली, पाणी शिरलं, माणूस समुद्रात पडला, दिवे गेले. यांतलं काहीही न घडता रोज घडवायचं. हे नाटक वाटू शकतं. पण १८ जानेवारी २०२२ ला रणवीर ही विनाशिका मुंबईच्या नौदल गोदीत उभी असताना तिच्या एका आतल्या कक्षात स्फोट झाला आणि तीन नौसैनिक गेले. युद्ध नव्हतं, वादळ नव्हतं, समोर शहर दिसत होतं.

मुंबईच्या सेवेतल्या ज्या मोहिमा लोकांच्या लक्षात राहिल्या, त्या दोन्ही माणसं सोडवून आणण्याच्या आहेत. जुलै २००६ मध्ये इस्रायल आणि हिजबुल्ला यांचं युद्ध पेटलं, तेव्हा मुंबई, ब्रह्मपुत्र, बेतवा आणि तेलवाहू शक्ती ही चार जहाजं भूमध्य समुद्रातल्या सदिच्छा भेटी आटोपून घरी परतत होती. त्यांना वाटेतूनच माघारी वळवलं. बैरूतच्या बंदरातून माणसं घ्यायची, सायप्रसमधल्या लार्नाकाला सोडायची, तिथून विमानं. या मोहिमेचं नाव ऑपरेशन सुकून. सुमारे २,२८० माणसं अशी बाहेर आली, त्यांत १,७६४ भारतीय. बाकीचे श्रीलंकेचे, नेपाळचे आणि इतर. साडेतीनशे माणसांच्या घरात शेकडो पाहुणे, त्यांत लेकुरवाळ्या बायका आणि पहिल्यांदाच जहाजात चढलेले, ओकाऱ्यांनी हैराण झालेले मजूर. लढाऊ जहाजात पाहुण्यांसाठी खोल्या नसतात. जहाजातली माणसं सरकून घेतात, एवढीच सोय.

एप्रिल २०१५ मध्ये युद्धात होरपळणाऱ्या येमेनची पाळी आली. मुंबई आणि तर्कश यांनी कवरत्ती आणि कोरल्स या दोन प्रवासी जहाजांना सोबत केली. एडनच्या बंदरात गोळाबार इतका की मुंबईला धक्क्याला लागता येईना. ती बाहेर समुद्रात थांबली आणि लहान होड्यांमधून माणसं तिच्यापर्यंत आणली गेली. ४ एप्रिलला अशी ४४१ माणसं चढली, त्यांत १७९ भारतीय. म्हणजे निम्म्याहून जास्त दुसऱ्याच देशांची. त्यांना जिबूतीला उतरवलं. ऑपरेशन राहत नावाची ही मोहीम संपली तोवर ४,६०० च्या वर भारतीय आणि ४१ देशांचे ९६० परदेशी नागरिक येमेनमधून सुटले होते. होडीतून हेलकावे खात आलेल्या म्हाताऱ्या माणसाला दोरीच्या शिडीवरून वर घेणं हे काम कुठल्याही क्षेपणास्त्राच्या माहितीपत्रकात नसतं. ते जमतं ते रोजच्या कंटाळवाण्या सरावामुळेच.

या सगळ्या काळात जहाज तेच राहिलं, माणसं मात्र बदलत गेली. कॅप्टन दीड-दोन वर्षांनी बदलतो. मुंबईचं नेतृत्व केलेले सुनील लांबा पुढे २०१६ ते २०१९ नौदलप्रमुख होते. खलाशीही काही वर्षांनी दुसऱ्या जहाजावर किंवा किनाऱ्यावर जातात. २००१ ची माणसं आज तिथे शोधूनही सापडणार नाहीत. झेंडादेखील बदलला: २ सप्टेंबर २०२२ पासून ध्वजावरचा सेंट जॉर्जचा लाल क्रूस गेला आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आली. मग पंचवीस वर्षांचं जहाज चालवतं कोण? कोणता पंप सकाळी गार असताना हट्ट करतो, कोणत्या झडपेला अर्धा फेरा जास्त लागतो, ही माहिती कुठल्या पुस्तकात नसते. ती असते चीफ पेटी ऑफिसरकडे, आणि बदली होण्याआधी तो ती पुढच्याच्या कानावर घालून जातो. संस्थेची स्मृती म्हणतात ती इथे माणसांच्या तोंडी असते.

मध्यायु दुरुस्ती आणि आधुनिकीकरण आटोपून ८ डिसेंबर २०२३ ला मुंबई विशाखापट्टणमला पूर्वेच्या ताफ्यात दाखल झाली. मुंबई नावाचं जहाज मुंबई सोडून गेलं, यात आपल्याला एक गंमत आहे. आपली गोदावरी मुंबईकडे जातच नाही. गंगाखेडवरून वाहिलेलं पाणी राजमहेंद्रीच्या पुढे बंगालच्या उपसागराला मिळतं, आणि विशाखापट्टणम त्याच किनाऱ्यावर थोडं वर आहे. देवगिरी धरायचीही गरज उरली नाही, नांदेडहून थेट विशाखापट्टणमची गाडी आहे. फ्लीट मेल ऑफिस, मुंबई या पत्त्यावर पाठवल्या जाणाऱ्या घरच्या राख्यांना आता नवा पत्ता लिहावा लागतो, एवढंच. ऑगस्ट २०२४ मध्ये ती कोलंबोला जाऊन आली. जानेवारी २०२५ मध्ये फ्रेंचांनी भरवलेल्या ला पेरूज सरावासाठी ती मलाक्का, सुंदा आणि लोंबोकच्या सामुद्रधुन्यांकडे गेली.

आता जहाजांवर येणारा खालच्या फळीतला नवा खलाशी अग्निवीर आहे. बारावी झालेली किंवा नुसती दहावी झालेली पोरं भरतीची परीक्षा देतात, ओडिशातल्या चिल्काला प्रशिक्षण घेतात आणि जहाजावर येतात. २८ मार्च २०२३ ला तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत मुलीही होत्या. परभणीच्या मैदानांवर पहाटे पळणारी बहुतेक पोरं पोलीस नाहीतर लष्कर डोक्यात ठेवून पळतात. नौदल त्यांच्या बोलण्यात फारसं येत नाही, आणि ते यावं असं मला वाटतं. पण एक अडचण सांगितली पाहिजे. करार चार वर्षांचा आहे आणि त्यानंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा पोरांनाच पुढे ठेवून घेणार. विनाशिकेवरचं एखादं यंत्र हाताखाली यायला दोन वर्षं सहज जातात, आणि दुसऱ्याला शिकवण्याइतकं ते कळायला त्याहून जास्त. पहिली तुकडी २०२२ च्या नोव्हेंबरात चिल्काला पोचली होती. म्हणजे तिची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस भरतात. त्यांतली कोण थांबतात आणि मुंबईसारख्या जुन्या जहाजाचे पंप आणि झडपा पुढच्यांना कोण शिकवतं, ते त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत कळेल.