रघुजीराजांची फिरंग

माउली, जुन्या घराण्यांत दसऱ्याला एक तलवार पाटावर निघते. हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल वाहतात, आणि ती पुन्हा वर्षभर कापडात जाते. ‘आजे-पणज्यांना दरबारातून मानाची मिळाली,’ एवढंच घरात ठाऊक असतं. सांगणारं म्हातारं माणूस गेलं की तलवार मुकी होते.

मुकी न झालेल्या एका तलवारीची ही हकिगत.

नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे संस्थापक पहिले रघुजीराजे. सातारच्या शाहू छत्रपतींनी त्यांना ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब दिला. त्यांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या आणि १७५१ च्या तहाने ओडिशा व वर्षाला १२ लाखांची चौथाई मिळवली. १७५५ साली ते वारले. त्यांच्या एका तलवारीचं पातं युरोपी घडणीचं होतं. अशा तलवारीला आपल्याकडे फिरंग म्हणत. तिच्यावर सोन्याने, देवनागरीत राजांचं नाव आणि किताब लिहिलेला आहे.

पुढे दिवस फिरले. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई भोसले हरले. १८५३ साली तिसरे रघुजी वारले. त्यांना पुत्र नव्हता, तेव्हा डलहौसीने राज्य खालसा केलं. हत्ती-घोडे लिलावात गेले, जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन विकलं. राण्या वाड्यात असताना घरचं बाजारात मांडलं!

ही फिरंगही परमुलखात गेली होती. एप्रिल २०२५ मध्ये ती लंडनच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपये मोजून ती सोडवली आणि ऑगस्टमध्ये मुंबईला आणली. ओळख पटली ती पात्यावरच्या नावाने. नाव नसतं तर अनेक फिरंगांतली ती एक ठरली असती.

म्हणून विनंती, की घरातल्या तलवारीला राख, चिंच, वाळू लावून घासू नका. अक्षरं आणि सोनं त्यानेच जातं. कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा हलका हात फिरवा. अनोळखी गिऱ्हाइकाला देऊ नका. शंभर वर्षांपुढची अशी वस्तू खाजगी माणसाने देशाबाहेर पाठवायला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे.

आणि मुख्य म्हणजे लिहून ठेवा. दिंडीची वीणा कोणाकडून कोणाकडे आली, हे आपण तोंडपाठ सांगतो. तलवारीचंही तसंच एका वहीत उतरवा: कोणाला मिळाली, कोणी दिली, कोणत्या कामगिरीबद्दल. सांगणारी माणसं अजून घरात आहेत, तोवरच हे होईल.